फाइल कॉम्प्युटरवर आहे, पण शोधल्यावर येत नाही: मराठी नावांच्या अडचणींसकट उपाय

जून-जुलै आले की ही तक्रार ठरलेली. कुणाचा अकरावीचा प्रवेश, कुणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज, कुणाचं आयकर रिटर्न, आणि हवा असलेला कागद 'कॉम्प्युटरवर कुठेतरी आहे' एवढंच माहीत. स्टार्टमध्ये नाव टाइप केलं की इंटरनेटवरचे निकाल समोर येतात. फोल्डरच्या वरच्या चौकटीत टाकलं की पट्टी सरकत राहते आणि शेवटी काहीच नाही. मग फाइल पुन्हा डाउनलोड होते, कागद पुन्हा स्कॅन होतो, नाहीतर भावाला व्हॉट्सॲपवर 'परत पाठव ना' म्हणून सांगितलं जातं. पुढच्या वर्षी गोंधळात आणखी एक प्रत.

यावर बहुतेक लोक एक रविवार धरतात आणि सगळे फोल्डर नव्याने लावतात. त्याने फारसा फरक पडत नाही, असं माझं मत आहे. 'सापडत नाही' या एकाच तक्रारीखाली निरनिराळी दुखणी असतात: कधी विंडोजने ती जागा शोधाच्या यादीत घेतलेलीच नसते, कधी फाइलमध्ये शब्दच नसतात, नुसतं चित्र असतं, कधी फाइल या मशीनवर नसतेच. आणि मराठीत नावं देणाऱ्यांचं एक दुखणं तर डोळ्यांना दिसतही नाही. फोल्डर कितीही नीट लावले तरी यातलं एकही बरं होत नाही. म्हणून आधी निदान, मग लावालावी. पुढचं सगळं विंडोज 10 आणि 11 धरून लिहिलं आहे.

आधी एक चाचणी

व्हॉइडटूल्सचं 'एव्हरीथिंग' नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर आहे, ते टाकून घ्या. ऑफिसचा कॉम्प्युटर असेल तर आयटीवाल्यांना विचारून. विंडोजचा शोध स्वतःची यादी सावकाश तयार करतो. एव्हरीथिंग मात्र डिस्कवर एनटीएफएस (फाइली साठवण्याची विंडोजची नेहमीची पद्धत) पद्धतीने आधीच ठेवलेली सगळ्या फाइलींच्या नावांची मुख्य नोंद थेट वाचतं. त्यामुळे लाखो फाइली असल्या तरी यादी बघता बघता तयार होते आणि एकेक अक्षर टाइप कराल तसे निकाल गाळले जातात. फाइलच्या आतला मजकूर ते एरवी बघत नाही, फक्त नाव आणि जागा बघतं. निदानाला आपल्याला नेमकं तेवढंच हवं आहे.

नावातला आठवेल तो तुकडा टाका. फाइल इथे दिसली आणि विंडोजच्या शोधात दिसत नसेल, तर दोष विंडोजच्या इंडेक्सचा, म्हणजे शोधासाठी त्याने करून ठेवलेल्या यादीचा. इथेही दिसली नाही, तर नाव आपल्याला वाटतं ते नाही, किंवा दिसायला तेच असून आतून वेगळं आहे, किंवा फाइल या डिस्कवर नाहीच. नाव मुळीच आठवत नसेल, तर चौकट रिकामी ठेवा, वरच्या मेनूतून फक्त डॉक्युमेंट किंवा फक्त चित्रं निवडा आणि बदलाच्या तारखेच्या रकान्यावर क्लिक करून यादी तारखेप्रमाणे लावा. 'गणपतीच्या आधी कधीतरी स्कॅन केलं होतं' एवढी आठवण असली तरी पुष्कळदा काम होतं. माणसाला नावापेक्षा वेळ जास्त लक्षात राहते.

पेन ड्राइव्ह आणि बाहेरच्या हार्ड डिस्कबद्दल एक सूचना. त्या बऱ्याचदा एनटीएफएस नसतात, एक्सफॅट किंवा फॅट 32 असतात. अशा डिस्क एव्हरीथिंग आपणहून घेत नाही, त्यांचे फोल्डर सेटिंगमध्ये जाऊन हातानं जोडावे लागतात.

एव्हरीथिंगमध्ये येते, विंडोजमध्ये येत नाही

हे सगळ्यात सोपं दुखणं, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त आढळणारंही. कारण आपल्याकडचे कॉम्प्युटर. जुळवून घेतलेल्या मशीनवर दुकानदार हार्ड डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देतो आणि बजावतो, 'महत्त्वाचं सगळं डीमध्ये ठेवा, विंडोज उडालं तरी वाचेल.' सल्ला वाईट नाही. पण विंडोजचा शोध मुळात फक्त सी ड्राइव्हवरचे तुमचे नेहमीचे फोल्डर, म्हणजे डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, पिक्चर्स वगैरे, इंडेक्समध्ये घेतो. डी ड्राइव्ह त्याच्या गावीच नसतो. म्हणजे जे जपून ठेवलं, नेमकं तेच शोधाबाहेर.

कंट्रोल पॅनलमध्ये 'इंडेक्सिंग ऑप्शन्स' उघडा, 'मॉडिफाय' दाबा, डीमधला तुमचा कागदपत्रांचा फोल्डर टिक करा. पूर्ण ड्राइव्ह घ्यायची गरज नाही, सिनेमे आणि जुन्या गेमच्या फाइली इंडेक्समध्ये घालून काय मिळणार? हेच काम विंडोजच्या सेटिंग्जमधूनही होतं: विंडोज 10 मध्ये 'सर्च' खाली, विंडोज 11 मध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' खाली. तिथे 'क्लासिक' आणि 'एन्हान्स्ड' असे दोन पर्याय असतात. दुसरा सगळा कॉम्प्युटर इंडेक्समध्ये घेतो. लॅपटॉप जुना असेल तर पहिलाच बरा, फक्त त्यात आपला फोल्डर जोडायचा.

तिथेच 'ॲडव्हान्स्ड' मध्ये फाइलींच्या प्रकारांची यादी आहे. प्रत्येक प्रकारासाठी नुसते गुणधर्म घ्यायचे की आतला मजकूरही, हे तिथे ठरतं. वर्डच्या आणि पीडीएफ फाइलींना मजकुराचा पर्याय लावलेला आहे ना, ते एकदा बघून घ्या. फोल्डर जोडला, प्रकार बरोबर आहेत, तरीही निकाल अर्धवट येत असतील तर त्याच चौकटीत 'रीबिल्ड' आहे. ते रात्री लावावं, कारण इंडेक्स नव्याने उभा राहायला काही तास लागू शकतात, आणि तोपर्यंत शोध आत्तापेक्षाही वाईट चालतो. लोक रीबिल्ड दाबतात, पाच मिनिटांनी शोधतात आणि 'काही उपयोग नाही' म्हणून सोडून देतात.

नाव तेच दिसतं, तरी जुळत नाही

आता ते न दिसणारं दुखणं. एका नातेवाइकांकडे शेतजमिनीचा व्यवहार चालला होता. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर घेणारा शेतकरी असल्याचा पुरावा लागतो, आणि तो दाखला आपण स्कॅन करून ठेवलेला आहे अशी काकांची खात्री होती. फाइलचं नावही तोंडपाठ: 'शेतकऱ्याचा दाखला'. टाइप केलं, कोरा निकाल. फोल्डर उघडून हातानं खाली खाली गेलो तर फाइल समोर हजर, नाव तेच. 'मग ह्याला दिसत कशी नाही?' हा काकांचा प्रश्न रास्त होता.

फाइलचं नाव होतं 'शेतकर्‍याचा दाखला' आणि आम्ही शोधत होतो 'शेतकऱ्याचा दाखला'. डोळ्याला दोन्ही एकच, कॉम्प्युटरला वेगळी. हा अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या भाषांची अक्षरं कॉम्प्युटरवर साठवण्याच्या ठरलेल्या पद्धतीत, दोन रस्त्यांनी लिहिता येतो. एका रस्त्यात मुळातच वेगळं अक्षर आहे, ऱ, आणि त्याचा पाय मोडायचा. दुसऱ्यात साधा र घ्यायचा, त्याचा पाय मोडायचा आणि पुढे 'झीरो विड्थ जॉइनर' नावाचं एक अदृश्य चिन्ह टाकायचं. विंडोजच्या मराठी इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून 'जे' (J) हे बटण दाबलं की पहिल्या रस्त्याचा ऱ येतो. जुन्या फोनेटिक साधनांमधून टाइप केलेला मजकूर बऱ्याचदा दुसऱ्या रस्त्याचा असतो. आणि जॉइनर टाकायचा राहिला की रफार चढून 'शेतकर्याचा' असं तिसरंच रूप होतं. ते निदान डोळ्यांना खटकतं तरी.

आपल्या फाइलीत कोणता प्रकार आहे हे ओळखायला नाव कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा, कर्सर 'ऱ्या' च्या लगेच पुढे ठेवा आणि बॅकस्पेसने एकेक चिन्ह पुसत मागे या. काना गेला, य गेला, पाय गेला, आणि उरलेल्या र च्या खाली टिंब दिसलं तर पहिला रस्ता. साधा र उरला, आणि मधे एकदा बॅकस्पेस दाबूनही काही पुसलं गेल्यासारखं वाटलं नाही, तर दुसरा. टिंबवाला ऱ उरला आणि आणखी एकदा दाबल्यावर नुसतं टिंब जाऊन र राहिला, तर तिथे र आणि नुक्ता असे दोन तुकडे आहेत. हा प्रकार मॅकवरून आलेल्या जुन्या फाइलींमध्ये भेटू शकतो, कारण मॅकची जुनी फाइल पद्धत नावातली अशी अक्षरं सुटी करून साठवायची. युनिकोडच्या नियमाने ही दोन रूपं समान आहेत, पण अक्षराला अक्षर जुळवणाऱ्या प्रोग्रामला तो नियम माहीत असेलच असं नाही.

ऱ हा काही एकटा नाही. 'बँक' लिहिताना कुणी ब वर चंद्रबिंदू देतो, कुणी ॲच्या मात्रेवर अनुस्वार देऊन 'बॅंक' करतो. बहुतेक फाँटांत दोन्ही सारखीच दिसतात. 'ॲग्रीमेंट' मधला ॲ तर तीन प्रकारे येतो: ॲ हे स्वतंत्र अक्षर, जे युनिकोडमध्ये 2008 साली आलं, त्याआधीपासून चालत आलेलं अ, जॉइनर आणि चंद्र असं जोडकाम, म्हणजे अ‍ॅ, आणि हिंदी कळफलकावरचा ऍ. घरातल्या तिघांनी तीन फोनवरून फाइली पाठवल्या की बँकेचे कागद वेगवेगळ्या स्पेलिंगांत ठेवले जातात आणि कुणालाच त्याचा पत्ता नसतो. आकड्यांचंही तेच. 2024 शोधलं तर '२०२४' लिहिलेली फाइल एव्हरीथिंगमध्ये येणार नाही.

लगेच करण्यासारखा उपाय म्हणजे शोधताना पूर्ण शब्द लिहायचाच नाही. 'शेतक दाखल' एवढंच टाका. एव्हरीथिंगमध्ये मधे जागा सोडून दोन तुकडे टाकले की दोन्ही असलेली नावं येतात, आणि तुकडा शब्दाच्या पोटातला असला तरी चालतो. वादग्रस्त अक्षराच्या आधी थांबायचं, बस. यात मराठीची आणखी एक खोच सांभाळली जाते. आपण नाव देतो 'दाखल्याची प्रत', 'पावत्यांचा फोल्डर', 'उताऱ्याचा फोटो', आणि शोधतो 'दाखला', 'पावती', 'उतारा'. विभक्ती लागली की मूळ शब्दच बदलतो, मग जुळणार कसा? विंडोजचा शोध तर मुख्यतः शब्दाच्या सुरुवातीपासून जुळवतो, त्यामुळे 'पट्टी' टाकून 'घरपट्टी' हाती लागेल याचा भरवसा नाही. नाव देतानाच मूळ रूप ठेवलं तर निम्मा त्रास संपतो: 'दाखला शेतकरी', 'पावती घरपट्टी', 'उतारा सातबारा'. व्याकरणाला थोडं ओबडधोबड वाटेल, वाटू दे.

जुनी नावं दुरुस्त करायची असतील तर मायक्रोसॉफ्टच्या मोफत 'पॉवरटॉइज' मध्ये 'पॉवररिनेम' आहे. फोल्डरमधल्या सगळ्या फाइली निवडा, राइट क्लिक करून पॉवररिनेम उघडा, शोधायच्या चौकटीत जुन्या नावातूनच कॉपी केलेला जॉइनरवाला अर्धा र चिकटवा आणि बदलायच्या चौकटीत ऱ आणि त्याचा मोडलेला पाय टाका. बदल करण्याआधी उजवीकडे नवी नावं कशी दिसतील ते दिसतं. तिथे डोळे फाडून बघा, मगच लागू करा. एखाद्या एक्सेलमध्ये या फाइलींच्या लिंक दिलेल्या असतील तर त्या तुटतील, अशा फोल्डरला हात लावू नका.

नावं मराठीत द्यावीत की इंग्रजीत, हा प्रश्न नेहमी येतो. मला दोन्ही चालतात, रोमन लिपीतली मराठी मात्र नको. 'घरपट्टी' रोमनमध्ये लिहिताना कुणी शेवटी आय लावतो, कुणी वाय, कुणी मधे जागा सोडतो, कुणी एक टी खातो. देवनागरीत निदान शुद्धलेखनाचा एक नियम तरी आहे.

नाव चुकीचं आठवत नाही, तुम्हाला आतला मजकूर हवा आहे

भाडेकरार सापडला, पण त्यात अनामत रक्कम किती लिहिली होती ते शोधायचं आहे. किंवा सोसायटीच्या जुन्या इतिवृत्तांपैकी गळतीचा ठराव कोणत्या सभेत झाला ते हवं आहे. इथे नाव कामाचं नाही. फाइल उघडा, माउसने एक ओळ निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. ओळ जशीच्या तशी आली नाही, तर तीनपैकी एक गोष्ट होईल.

ओळ निवडताच येत नाही, पूर्ण पानच एखाद्या फोटोसारखं सरकतं: म्हणजे हा स्कॅन आहे, त्यात शब्द नाहीत. ओळ निवडली जाते, पण चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरं आणि खुणांचा कचरा येतो: म्हणजे मजकूर श्रीलिपी, आकृती, कृतिदेव किंवा सरकारी कार्यालयांत वर्षानुवर्षं चाललेल्या डीव्हीबी-टीटी सुरेखसारख्या जुन्या फाँटात आहे. या फाँटांनी मराठी अक्षरांची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवली होती. पडद्यावर आणि कागदावर मराठी दिसतं, साठवलेलं मात्र भलतंच असतं, आणि शोध साठवलेलं वाचतो. तिसरी शक्यता: मराठी येतं, पण वेलांट्या भलत्या अक्षरावर आणि जोडाक्षरं फुटलेली. युनिकोड फाँटातून केलेल्या पीडीएफमध्येसुद्धा हे होतं, कारण पीडीएफ मुळात अक्षरांच्या आकृत्या कुठे मांडायच्या ते सांगते, त्यामागचे शब्द नीट नोंदले जातीलच असं नाही.

जुन्या फाँटातली वर्ड फाइल असेल तर फाँट बदलून काही होत नाही, कन्व्हर्टर वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो. कोणत्या फाँटाचा कन्व्हर्टर हे नेमकं जुळायला हवं, नाहीतर कचऱ्याचा दुसरा कचरा होतो. बाकी दोन प्रकारांना, आणि जुन्या फाँटातल्या पीडीएफलाही, ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं, हाच मार्ग. 'नॅप्स 2' हे मोफत स्कॅनिंग सॉफ्टवेअर आहे. त्यात टेसरॅक्ट हे ओसीआर इंजिन वापरता येतं आणि मराठी भाषा वेगळी डाउनलोड करता येते. स्कॅन आत घ्यायचा, ओसीआर लावून पुन्हा पीडीएफ म्हणून साठवायचा. दिसायला पान तसंच राहतं, पण त्यामागे शब्दांचा एक अदृश्य थर बसतो, आणि तो विंडोजच्या इंडेक्सला वाचता येतो. मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा निवडा, आपल्या करारांत आणि इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा) मध्ये आकडे, नावं, कलमं मिसळलेली असतात.

हे सगळ्या फाइलींना करत बसू नका. एका पानाच्या दाखल्याला नीट नाव दिलं की पुरे. ओसीआरचा उपयोग लांब करारांना, इतिवृत्तांना, दवाखान्याच्या जाड फाइलींना. शिक्का मजकुरावर आला असेल, हस्ताक्षर असेल, झेरॉक्सची झेरॉक्स असेल तर निकाल यथातथाच येतो. जोडाक्षरांत तर हमखास चुका होतात. आणि आधार, पॅन, बँकेचे कागद कुठल्यातरी फुकट ऑनलाइन ओसीआर साइटवर चढवणं हा शुद्ध वेडेपणा आहे. नॅप्स 2 हे काम तुमच्याच कॉम्प्युटरवर करतं, म्हणून ते सुचवलं.

फाइल या मशीनवर नाहीच

'डेस्कटॉपवर ठेवली होती, गायब झाली' यातला बराच वाटा वनड्राइव्हचा असतो. वनड्राइव्हने डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सचा बॅकअप चालू केला की ते फोल्डर वनड्राइव्हच्या पोटात जातात. मग तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये डेस्कटॉप शोधायला गेलात तर तो रिकामा दिसू शकतो आणि खरा डेस्कटॉप एक पायरी आत, वनड्राइव्हमध्ये असतो. ज्या फाइलींपुढे ढगाची खूण आहे त्या फक्त इंटरनेटवर आहेत. त्या नावाने सापडतात, आतल्या मजकुराने नाही. ज्यात शोधायचं आहे त्या फोल्डरवर राइट क्लिक करून तो कायम याच डिव्हाइसवर ठेवायचा पर्याय निवडा. गूगल ड्राइव्हच्या डेस्कटॉप ॲपमध्ये 'स्ट्रीम' चा पर्याय असेल तर एक वेगळाच ड्राइव्ह दिसतो. त्यातलं शोधायला ब्राउझरमध्ये ड्राइव्ह उघडून तिथेच शोधणं उत्तम.

व्हॉट्सॲपचा त्रास वेगळा. अँड्रॉइडवर आलेल्या फोटोचं नाव आयएमजी, मग तारीख, मग डब्ल्यूए आणि क्रमांक, असं असतं. ही तारीख कागदाची नसते. शिवाय फोटो म्हणून पाठवला की त्याच्या आतली फोटो काढल्याची तारीख आणि जागा निघून जाते आणि चित्र दाबलं जातं. त्यामुळे 2019 मधला जन्मदाखला आज पाठवला तर तो आजचा होतो, आणि वर अस्पष्ट. पाठवणाऱ्याला 'डॉक्युमेंट म्हणून पाठव' असं सांगायचं. मग मूळ फाइल जशीच्या तशी येते.

मेलबद्दल थोडक्यात: मेलमधली वर्ड फाइल थेट उघडून त्यात बदल केले असतील तर ते एखाद्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये पडलेले असू शकतात. विंडोजचा शोध तिथे जात नाही. एव्हरीथिंगमध्ये फाइलचं नाव टाकून बदलाची ताजी तारीख बघा, आणि सापडली तर आधी ती दुसरीकडे सेव्ह करा.

पुन्हा होऊ नये म्हणून

सगळ्यात उपयोगी बदल फोल्डरमध्ये नाही, ब्राउझरमध्ये आहे. क्रोम, एज, फायरफॉक्स तिन्हींत डाउनलोडच्या सेटिंगमध्ये 'प्रत्येक फाइल कुठे साठवायची ते विचारा' असा पर्याय आहे. तो चालू करा. सरकारी पोर्टलवरून उतरलेल्या पावतीचं नाव आकड्यांची माळ असते आणि बँकेच्या सगळ्या स्टेटमेंटांना एकच नाव असतं, पुढे फक्त कंसातला एक, दोन, तीन. ती माळ साठवताना समोर दिसली की माणूस तिथल्या तिथे नाव देतो. एकदा डाउनलोड्समध्ये पडली की नाव द्यायला कुणीही परत जात नाही.

नावात तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने. '2024-06-15 पावती घरपट्टी कोथरूड'. हा आयएसओ 8601 चा, म्हणजे तारीख लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा क्रम आहे, आणि नावाप्रमाणे यादी लावली की तारखेप्रमाणे आपोआप लागते. 03-04-2024 म्हणजे एप्रिल की मार्च, हा वाद उरत नाही. कराच्या कागदांना मात्र वर्ष कोणतं ते स्पष्ट लिहा. आर्थिक वर्ष 2024-25 चं निर्धारण वर्ष 2025-26 असतं, फॉर्म 16 वर निर्धारण वर्ष छापलेलं असतं, आणि नुसतं '2025 फॉर्म 16' लिहिलं की पुढच्या जुलैत चुकीची फाइल सीएकडे जाते. मी नेहमी आर्थिक वर्ष लिहितो.

'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरंच' ही मालिका तारखेनेच मोडते. 'अंतिम' हा शब्दच फाइलच्या नावात वापरू नये.

फोल्डर थोडे आणि उथळ असावेत. माणसं घरच्या फाइली शोधून नव्हे, वाट काढत जाऊन उघडतात आणि शोध शेवटचा उपाय म्हणून वापरतात, हे ओफर बर्गमन आणि स्टीव्ह व्हिटेकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवलेलं आहे. त्यामुळे फोल्डर मोडीत काढा असं मी म्हणणार नाही. पण 'कागदपत्रे, सरकारी, महसूल, जमीन, जुने' अशी उतरंड रचू नका. उद्या हा कागद कोण मागणार, किंवा तो कुणाचा आहे, यावर फोल्डर करा: 'आई', 'घर कोथरूड', 'शेती', 'आयकर', 'शाळा'. एक कागद दोन ठिकाणी लागत असेल तर प्रत करू नका, शॉर्टकट ठेवा.

उतरंडीचा आणखी एक तोटा आहे. विंडोजच्या पुष्कळ प्रोग्रामांत फाइलचा पूर्ण पत्ता, म्हणजे ड्राइव्हपासून नावापर्यंत, 260 अक्षरांत बसावा लागतो, आणि देवनागरीत प्रत्येक मात्रा, प्रत्येक मोडलेला पाय वेगळा मोजला जातो. 'क्षेत्र' आपल्याला दोन अक्षरांचं वाटतं, विंडोज ते सात मोजतं. फोल्डरात फोल्डर आणि प्रत्येकाला भारदस्त मराठी नाव, असं केलं की बॅकअप घेताना 'पत्ता फार लांब आहे' म्हणून काही फाइली मागे राहतात. लिनक्सवर तर नावाची मर्यादा 255 बाइटची असते आणि देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे जेमतेम 85 चिन्हं.

पोर्टलवर चढवायला 50 केबीचा फोटो नाहीतर दाबलेली पीडीएफ करावी लागते, आणि तिथे मराठी नाव चालत नाही म्हणून इंग्रजी नाव द्यावं लागतं. त्यासाठी 'अपलोड' नावाचा वेगळा फोल्डर ठेवा आणि अर्ज गेला की तो रिकामा करा. नाहीतर दोन वर्षांनी मूळ स्कॅन कुठे गेला ते कळत नाही आणि हाती उरतो तो टपालाच्या तिकिटाएवढा, ठिपके ठिपके झालेला दाखला.

जुना ढीग आवरायला बसू नका. सगळा उचलून 'जुनं' नावाच्या एका फोल्डरमध्ये टाका, तो फोल्डर इंडेक्समध्ये जोडा, आणि त्यातली जी फाइल शोधून सापडेल तिला त्याच वेळी नीट नाव देऊन योग्य जागी हलवा. जी कधीच लागली नाही तिच्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

आणि वरचं सगळं करूनही फाइल आली नाही, तर ती डिलीट झालेली असू शकते. इथे मात्र घाई करा. आधी रीसायकल बिन बघा, मग ब्राउझरमध्ये वनड्राइव्हचा रीसायकल बिन आणि गूगल ड्राइव्हचा ट्रॅश. गूगल ड्राइव्ह आणि वैयक्तिक वनड्राइव्ह दोन्ही डिलीट केलेली फाइल 30 दिवस ठेवतात, त्यानंतर ती आपोआप जाते. क्रोम किंवा एजमध्ये कंट्रोल आणि 'जे' (J) दाबलं की डाउनलोडचा इतिहास उघडतो. फाइल कोणत्या साइटवरून उतरवली होती ते तिथे दिसतं, आणि तिथूनच ती पुन्हा उतरवता येते का ते बघा.